तीन नद्यांच्या गावी एक दिवस

श्रोतेहो, श्रावणाच्या सुमारास पावसाने जोर धरला की कृष्णाकाठच्या घराघरांत रेडिओवरची एक बातमी सारे कान देऊन ऐकतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी इतके फूट, इतके इंच. बातमी सर्वजण ऐकतात, चहाच्या दुकानात तिच्यावर चर्चाही होते. पण त्या आकड्याचा आपल्या स्वतःच्या उंबऱ्याशी काय संबंध आहे, हे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला तरी सांगता आले नसते. हा प्रश्न मला प्रथम नीटसा कळला तेव्हा मी घरापासून फार दूर, जर्मनीतल्या एका लहानशा शहरात, एका भिंतीपुढे उभा होतो. त्या शहराचे नाव पासाऊ. आज तुम्हांला एका दिवसापुरते तिथे घेऊन जावयाचे आहे.

प्रवास घडला तो असा. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत तिने आम्हा उभयतांना बोलावून घेतले. "दादा, जन्मभर वर्गात नकाशावर नद्या दाखवल्यास, आता एकदा नदीतून जाऊन ये," असे म्हणून तिने न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट अशी बोटीची तिकिटे आमच्या हाती ठेवली. मी भूगोल शिकवतो. तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

आता युरोपचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. शिक्षकमंडळींनी भिंतीवरचा उलगडला तरी चालेल. पश्चिमेकडे ऱ्हाईन नदी उत्तरेला वाहत जाऊन उत्तर समुद्राला मिळते. डॅन्यूब नदी जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या डोंगराळ भागात उगम पावते आणि पूर्वेची वाट धरून सुमारे २,८५० किलोमीटर वाहत काळ्या समुद्राला मिळते. वाटेत तिला दहा देश लागतात. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या तिच्याच काठी वसल्या आहेत. ऱ्हाईनची उपनदी माइन आणि ही डॅन्यूब यांना जोडणारा १७१ किलोमीटर लांबीचा कालवा १९९२ साली पुरा झाला. तेव्हापासून उत्तर समुद्रात निघालेली बोट युरोपच्या पोटातून थेट काळ्या समुद्रात उतरू शकते. न्यूरेंबर्ग याच कालव्यावर आहे.

या नद्यांतून माल तर जातोच, पण सहल म्हणून हिंडणारेही पुष्कळ असतात. त्यांच्या बोटी लांब आणि चिंचोळ्या असतात. आमची बोट १३५ मीटर लांब होती, अकरा एस. टी. गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या म्हणजे जेवढी रांग होईल, साधारण तेवढी. रुंदी मात्र साडेअकरा मीटरांहून थोडी कमीच. आता एवढी लांब बोट आणि रुंदी एवढीशी का, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण वाटेतले लॉक. नदीवर धरणे बांधली म्हणजे पाण्याला पायऱ्या पडतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर बोट कशी उतरवायची? तर दोन्ही बाजूंना दरवाजे असलेली पाण्याची एक मोठी कोठी बांधतात. बोट आत गेली की वरचा दरवाजा बंद होतो, कोठीतले पाणी हळूहळू खाली सोडतात, पाण्याबरोबर बोटही खाली उतरते, आणि मग पुढचा दरवाजा उघडतो. या कोठीला लॉक म्हणतात. वाटेतल्या त्या कालव्यावरचे लॉक बारा मीटर रुंद आहेत. म्हणजे बोट आत शिरली की दोन्ही अंगांना दीड वीतही जागा उरत नाही. खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर भिंतीचे शेवाळ हाताला लागेल, अशी अवस्था.

पासाऊच्या थोडे अलीकडे काखलेट नावाचे असे एक धरण आणि लॉक आहे. ते १९२७ साली पुरे झाले. पहाटे आम्ही त्यातून उतरलो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयनेसारखा मोठा जलाशय येतो. पावसाळ्यात पाणी साठवावे, पुढे वर्षभर वापरावे. काखलेटचे धरण त्या जातीचे नाही. आलेले पाणी यंत्रातून खाली सोडून वीज करावयाची आणि बोटींना पुरेशी खोली राखावयाची, एवढेच त्याचे काम. महापूर पोटात घेण्याइतकी जागा त्याच्यापाशी नाही.

सकाळी नऊ वाजता आम्ही पासाऊच्या धक्क्याला लागलो. धक्क्यावर जागा थोडी आणि बोटी फार, म्हणून तिथे बोटीच्या अंगाला बोट लावून उभी करतात. आम्ही आमच्या बोटीतून दुसऱ्या बोटीत आणि तिच्यातून काठावर, असे दुसऱ्याच्या ओसरीवरून आपल्या अंगणात उतरावे तसे उतरलो. उतरताना प्रत्येकाचे कार्ड तपासतात. कोण बाहेर गेला आणि कोण परत आला, याची नोंद त्यावरून राहते. बोट संध्याकाळी सहाला सुटणार होती आणि साडेपाचच्या आत परतण्याची ताकीद होती. आमच्या वाटाड्या बाई पन्नाशीच्या, याच गावच्या. त्यांनी प्रत्येकाच्या कानाला एक छोटे यंत्र लावायला दिले, म्हणजे त्या पन्नास पावले पुढे असल्या तरी बोलणे ऐकू यावे.

पासाऊची जागा समजून घेतली पाहिजे. डावा हात पुढे धरा आणि त्याची बोटे जुळवून टोकदार करा. हा हात म्हणजे जुने गाव. हाताच्या डाव्या अंगाने डॅन्यूब वाहते, उजव्या अंगाने इन नावाची नदी वाहते, आणि बोटांच्या टोकाशी दोघींचा संगम होतो. शिवाय त्या टोकासमोरच, डाव्या काठाकडून इल्झ नावाची तिसरी लहान नदी येऊन मिळते. इनच्या पलीकडेही गावाची एक वस्ती आहे. तिच्यापासून थोडे पुढे गेले की ऑस्ट्रियाची हद्द लागते. एवढ्या मोक्याच्या जागी गाव वसले नसते तरच नवल. रोमन लोकांनी इथे लष्करी ठाणे केले. त्या ठाण्यात बाटावी नावाच्या जमातीचे शिपाई होते. त्यांच्यावरून ठाण्याला बाटाविस म्हणू लागले, आणि बोलता बोलता त्याचेच पासाऊ झाले. आपल्याकडेही गावांची नावे अशीच झिजत आली आहेत.

बाई आम्हांला अरुंद गल्ल्यांतून वर घेऊन गेल्या. या गल्ल्यांत एक मौज दिसते. समोरासमोरच्या घरांच्या भिंतींमधून, आपल्या डोक्यावरून, दगडी कमानी टाकलेल्या आहेत. ही घरे अशी एकमेकांना टेकून उभी आहेत. गल्ली चढत गेली की सर्वांत उंच जागी संत स्टीफनचे कॅथीड्रल लागते. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे मुख्य देऊळ. पासाऊला बिशपची गादी इसवी सन ७३९ मध्ये स्थापन झाली, आणि पुढे शेकडो वर्षे इथला बिशप हा धर्मगुरूही होता आणि राजाही होता. १८०३ साली त्याचे राज्य गेले, धर्मपीठ राहिले. एके काळी त्याचा धर्मप्रांत डॅन्यूबच्या काठाने थेट हंगेरीच्या सीमेपर्यंत पसरला होता. व्हिएन्नाचे जगप्रसिद्ध चर्च संत स्टीफनच्याच नावाचे आहे, कारण १४६९ सालापर्यंत व्हिएन्ना या पासाऊच्या बिशपच्या अखत्यारीत होते.

आज दिसते ते कॅथीड्रल मात्र फार जुने नाही. १६६२ साली गावाला आग लागली आणि जवळजवळ सारे गाव जळाले. कॅथीड्रलही त्यात गेले. पुन्हा उभारणी करावयास इटलीतून कारागीर आणले. कार्लो लुरागो याने इमारत रचली आणि जोव्हान्नी बात्तिस्ता कार्लोने याने आतले चुन्याचे नक्षीकाम केले. म्हणून जर्मनीच्या या कोपऱ्यात घरांचे रंग आणि बांधणी पाहून माणसाला इटलीत आल्यासारखे वाटते. त्या आगीपासून घेतलेला धडा आणि इटलीची ती ढब, दोन्ही या भिंतींत राहिली आहेत.

या देवळातला ऑर्गन फार मोठा आहे. आपल्या संगीत नाटकांच्या काळात रंगमंचापुढे ऑर्गन वाजे, तो पायाने भाता हाणून वाजवायचा आणि त्यात पितळी पट्ट्यांतून सूर निघे. हा ऑर्गन निराळा. यात वारा नळ्यांत सोडतात आणि प्रत्येक नळी बासरीसारखी स्वतःचा एक सूर काढते. अशा नळ्या इथे सुमारे अठरा हजार आहेत! सर्वांत मोठी नळी अकरा मीटरांहून उंच, तर लहानांत लहान करंगळीच्या पेरापेक्षाही आखूड. देवळात पाच ठिकाणी मांडलेल्या या नळ्या एकच माणूस एका जागी बसून वाजवू शकतो. उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता अर्धा तास वादन करण्याची इथे प्रथा आहे. आम्ही ते ऐकले. शेवटी मोठ्या नळ्या बोलू लागल्या तेव्हा सूर कानाला कमी आणि बसलेल्या बाकाला अधिक जाणवत होता.

दुपारनंतर आम्हांला मोकळे सोडले. "नदीकडे उतरत जा, बोट दिसेलच," असे बाईंनी सांगितले होते. आम्ही एका गल्लीने खाली उतरलो, नदी लागली, पण बोटी कुठेच दिसेनात. धक्काही नाही. दहा मिनिटे इकडेतिकडे पाहिल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सकाळचं पाणी मळकट होतं. हे तर हिरवं आहे." झाले! भूगोलाच्या प्राध्यापकाने नदीच चुकवली होती. आम्ही डॅन्यूबच्या ऐवजी इनच्या काठी उतरलो होतो.

चूक झाली ती बरीच झाली, कारण इनचा काठ पाहण्यासारखा आहे. पाण्याला लागून चौदाव्या शतकातला एक गोल, पांढरा बुरूज उभा आहे. त्याच्या आश्रयाने पूर्वी मिठाच्या नावा लागत. आल्प्सच्या खाणींतले मीठ नावांतून इथे येई, आणि इथून घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरातल्या पायवाटेने बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात जाई. त्या वाटेला 'सोनेरी वाट' असे नाव पडले. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणचे मीठ घाट चढून वर आणीत, तोच हा प्रकार. पासाऊची श्रीमंती या मिठावर वाढली.

काठाकाठाने चालत आम्ही हाताच्या बोटांच्या टोकाशी, म्हणजे संगमावर आलो. इथे तीन पाणी वेगवेगळे ओळखू येतात. इल्झ काळसर, कारण ती जंगलातल्या दलदलीतून येते आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा रंग घेऊन येते. इन हिरवट-राखी, कारण ती आल्प्सच्या बर्फाचे पाणी आणि हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ घेऊन येते. डॅन्यूब तपकिरी-निळसर. संगमानंतर बऱ्याच अंतरापर्यंत हे रंग शेजारी शेजारी वाहतात. इन डॅन्यूबपेक्षा उथळ आणि वेगाची आहे, त्यामुळे तिचे हिरवे पाणी डॅन्यूबच्या पाण्याच्या वर पसरते आणि तीच मोठी दिसते. वर्षाची सरासरी काढली तर इनचे पाणी खरोखरच डॅन्यूबपेक्षा थोडे जास्त भरते. तरीही पुढे नाव चालते ते डॅन्यूबचेच, कारण पासाऊपर्यंत ती सहाशेवर किलोमीटर वाहून आलेली असते आणि इन पाचशेवर. आपल्या कऱ्हाडलाही कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे नाव कृष्णेचे राहते. तो संगम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पासाऊचा संगम समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पण तीन नद्यांच्या भेटीत जशी शोभा आहे तसा धोकाही आहे. तो असा की, या नद्यांचे स्वभाव निराळे आहेत. इन डोंगरातली, आल्प्समध्ये जोराचा पाऊस झाला की ती झपाट्याने चढते आणि झपाट्याने उतरते. डॅन्यूब लांबून, सपाटीवरून येणारी. ती सावकाश चढते आणि रेंगाळते. एकीचा पूर ओसरल्यावर दुसरीचा आला तर गाव निभावून नेते. पण दोघी एकाच वेळी चढल्या, तर इनचे पाणी डॅन्यूबच्या वाटेत आडवे उभे राहते, डॅन्यूबला पुढे सरकायला जागा राहत नाही, आणि ती गावात शिरते. आपल्याकडेही उपनदीचे पाणी मोठ्या नदीला पूर असला म्हणजे मागे फुगते. त्याला आपले लोक फुगवटा म्हणतात. तोच हा फुगवटा.

संगमावरून डॅन्यूबच्या अंगाने परत फिरलो आणि झुलत्या पुलावरून पलीकडे जाऊन किल्ला चढलो. किल्ल्याचे नाव ओबरहाउस. १२१९ साली बिशपने तो बांधावयास घेतला. शत्रूसाठी तर तो होताच, पण खालच्या गावकऱ्यांवर नजर ठेवण्यासाठीही होता. गावच्या व्यापाऱ्यांनी बिशपची सत्ता झुगारण्याचा प्रयत्न एकाहून अधिक वेळा केला, पण डोक्यावर हा किल्ला असल्यामुळे त्यांचे काही चालले नाही. वरून सारे गाव तळहातावर ठेवल्यासारखे दिसते. सर्वांत उंचावर कॅथीड्रल, त्याखाली मोठी घरे, आणि अगदी पाण्याला लागून दुकाने, वखारी, बोटींचा धक्का. पाण्याने ज्यांचे पोट भरते, त्यांनाच पाण्याचा पहिला तडाखा बसावा, अशी ही रचना आहे.

खाली उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते. धक्क्याला लागूनच नगरभवनाचा चौक आहे आणि त्याच्या कोपऱ्यावर एक मनोरा आहे. सकाळी आम्ही त्याच्या पुढूनच गेलो होतो, पण घाईत नीट पाहिले नव्हते. आता पाहिले. मनोऱ्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत आडव्या रेघा आणि त्यांच्या शेजारी वर्षांचे आकडे. १५०१, १५९५, १९५४, २००२, २०१३ आणि मधली आणखीही काही. त्या त्या वर्षी पुराचे पाणी जिथवर चढले, तिथे ती रेघ. २०१३ ची रेघ पाहावयास मान पुष्कळ वर करावी लागली. उभ्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर ती आहे, आणि तिच्याही वर फक्त १५०१ ची. दोहोंच्या मध्ये पाचशेबारा वर्षे!

आमच्या वाटाड्या बाई चौकातच दुसऱ्या मंडळींची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी २०१३ ची हकीगत सांगितली. त्या वर्षी मे महिनाभर पाऊस पडून जमीन भिजून चिंब झाली होती. महिनाअखेरीस पुन्हा जोराचा पाऊस आला. जमिनीला पाणी पिण्याची शक्ती उरली नव्हती, ते सरळ नद्यांत आले. इन आणि डॅन्यूब दोन्ही चढल्या. ३ जून रोजी पासाऊच्या मापनपट्टीवर पाणी १२.८९ मीटरांवर गेले. १९५४ साली ते १२.२० मीटर होते आणि २००२ साली १०.८१. एरवी ते पाच मीटरांच्या आसपास असते. गावातली विहिरींची पाणीयोजना बंद करावी लागली. चोहीकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही, अशी गत झाली. पाणी ओसरल्यावर इथल्या विद्यापीठातले विद्यार्थी आपण होऊन फावडी घेऊन आले आणि घराघरांतला चिखल त्यांनी काढला.

"पण तुम्ही वेळेवर बाहेर कसे पडलात?" मी विचारले. त्या म्हणाल्या की, मापनपट्टीचा आकडा सांगितला की आम्हांला कळते, या आकड्याला नदीकाठचा रस्ता जातो, त्या आकड्याला हा चौक जातो, अमुक आकड्याला माझ्या घराची पहिली पायरी जाते. त्या वेळी पाणी सगळ्यांच्या अंदाजापलीकडे गेले, नुकसान फार झाले. पण तळघरातले सामान कधी काढायचे आणि घर कधी सोडायचे, हे कोणाला विचारत बसावे लागले नाही.

येथे एक खुलासा करतो, कारण यात पुष्कळांचा घोटाळा होतो. मापनपट्टीवर १२.८९ मीटर म्हणजे रस्त्यावर तेवढे खोल पाणी, असे नाही. नदीच्या पात्रात एक जागा शून्य धरलेली असते आणि तेथून उंची मोजतात. आयर्विन पुलाचेही तसेच. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे ५७ फुटांच्या वर गेले. पण ५७ फूट म्हणजे माझ्या गावच्या शाळेत किती, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने आपल्या भिंतीवर लिहावे लागते. पासाऊच्या लोकांनी ते लिहून ठेवले आहे. आणखी एक गंमत सांगतो. तो मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. मग त्याच्यावर १५०१ ची रेघ आली कुठून? जुन्या नोंदींवरून अंदाज बांधून ती नव्या भिंतीवर बसवलेली आहे. भिंत नवी झाली तरी रेघ पुसू दिली नाही.

हे ऐकत असताना मला माझे गाव आठवत होते, आणि खरे सांगायचे तर मान खाली गेली. माझे गाव कृष्णाकाठी आहे. २०१९ चा पूर ओसरला तेव्हा आमच्या शाळेच्या भिंतीवर, खिडकीच्या वर चार बोटे, चिखलाची एक सरळ रेघ राहिली होती. सगळ्या खोल्यांतून, सगळ्या भिंतींवरून एका पातळीत गेलेली. ती कोणी मोजली नाही. पुढच्या प्रजासत्ताक दिनाच्या आधी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि शाळेला रंग दिला. वर्गणीचा पुढाकार माझा होता. रंग देणाऱ्याला "ते डाग नीट खरवडून काढ" असे सांगणाराही मीच.

मग २०२१ चा जुलै आला, पाणी पुन्हा चढू लागले. शाळेमागे भाड्याने राहायला आलेले एक कुटुंब होते. "पाणी कुठवर येतं हो?" असे त्यांनी विचारले. एकाने गुडघ्याला हात लावून दाखवला, दुसऱ्याने छातीला. तिसरा म्हणाला, तुमच्या दारात कधीच येत नाही. त्यांनी धान्याची पोती आणि शिलाईचे मशीन खाटेवर ठेवले आणि माणसे तेवढी वर गेली. खाट बुडाली. २०१९ ची रेघ भिंतीवर असती तर त्यांना कोणाला विचारावे लागले नसते. त्या मशीनवर त्या घरातल्या बाईंचा संसार चालत होता.

म्हणून आता शिक्षकमंडळींना एक विनंती. हे काम शाळेला सहज करता येण्यासारखे आहे, खर्चही थोडा आहे. गावात ज्यांनी २००५, २०१९ किंवा २०२१ चा पूर पाहिला अशा चार-पाच जाणत्या माणसांना शाळेत बोलवा. त्यांना एकत्र न विचारता एकेकट्याला विचारा, म्हणजे एकाचे ऐकून दुसरा बोलणार नाही. कोणाच्या घरात न रंगवलेल्या भिंतीवर, गोठ्यात, देवळाच्या दगडी खांबावर जुनी खूण अजून सापडते का ते मुलांना पाहावयास सांगा. एक पक्की खूण सापडली की गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, हा धडा तुम्ही वर्गात शिकवताच. त्या नळीने ती पातळी शेजारच्या शाळेवर, चावडीवर, दवाखान्यावर आणता येते. फार लांब मात्र नेऊ नका, कारण नदीच्या उताराप्रमाणे पुराच्या पाण्यालाही थोडा उतार असतो. जिथे पातळी येईल तिथे छिन्नीने रेघ कोरा आणि तेलाचा रंग भरा. शेजारी वर्ष लिहा, तारीख लिहा, आणि त्या दिवशी जवळच्या मापनपट्टीवर किती फूट होते तो आकडा लिहा. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत तो मिळतो.

एवढे केले म्हणजे रेडिओवरचा आकडा गावाला कळू लागेल. अर्थात दोन पूर अगदी सारखे नसतात. मधल्या काळात एखादा बांध, एखादा रस्ता नवा झाला असेल तर त्याच आकड्याला पाणी थोडे वेगळे वागेल. तेव्हा सरकारी सूचना आली की रेघेकडे पाहत थांबू नये, निघावे. सूचना येण्याआधी पोती कोठे ठेवावी, जनावरे केव्हा सोडावी, हे ठरवावयास रेघ उपयोगी पडते.

साडेपाचला पाच मिनिटे कमी असताना आम्ही बोटीवर चढलो. कार्ड दाखवले, नोंद झाली. सहाला बोट सुटली आणि संगमावरून पुढे निघाली. डावीकडे काळसर पाणी, उजवीकडे हिरवे. सौभाग्यवतींनी विचारले, "एवढं काय लिहिताय?" मी वहीत त्या मनोऱ्यावरची वर्षे उतरून घेत होतो.

परत आल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही आमच्या शाळेच्या भिंतीवर रेघ कोरली. २०१९ ची चिखलाची रेघ तर गेलेलीच होती. पण मागच्या एका गोठ्यात, जिथे रंग पोचला नव्हता, तिथे ती सापडली, आणि गवंड्याच्या नळीने ती शाळेवर आणली. खिडकीच्या वर चार बोटे, माझ्या आठवणीत होती तिथेच ती आली. तिच्या खाली २०२१ ची रेघही कोरली आहे. आता शाळेला पुन्हा रंग देण्याची वेळ येईल तेव्हा वर्गणी मी अवश्य देईन. पण रंगाऱ्याला सांगावयाचे वाक्य या वेळी निराळे असेल.